नागवेणीच्या अठ्ठ्याऐंशी फायली

म्हैसूर
२२ जून २०२०

प्रिय नागवेणी,

अनेक आशीर्वाद.

सोबतची पेटी मिळाली असेल. आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे आणि या कठीण काळात कुटुंबातलं प्रत्येक माणूस आमच्यासाठी मोलाचं आहे. घरून काम करताना तुला येणाऱ्या अडचणींची कंपनीला पूर्ण जाणीव आहे.

इथवरचं ऑफिसनं लिहून दिलेलं. प्रत्येक टीम लीडरनं आपल्या माणसांना स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं, असा वरून हुकूम आलाय. हातानं लिहिलेलं वाचलं की माणसाला हुरूप येतो म्हणे. चौदा पेट्या, चौदा पत्रं. तुझं बारावं. अकरा जणांना तेवढंच उतरवून पाकिटं बंद केली. तुझ्याशी मात्र दोन शब्द बोलावेसे वाटले. तीन वर्षं शेजारी बसलीस, माझ्या डब्यातली लिंबाची फोड रोज पळवलीस.

मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून काम करते. सासूबाईंना वाटतं मी दिवसभर सिनेमा बघते. परवा मोठे साहेब मीटिंगमध्ये बोलत होते आणि ह्या मागून विचारतात, "हा मेला कधीचा बडबडतोय, गाणं कधी आहे?" माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

आता कामाचं. डॉक्टरांच्या कागदांवरून तू भरतेस त्या फायली गेले पंधरा दिवस चाळिशीच्या आसपास आल्यात. दिवसाला साठचा नेम आहे, तुला माहीतच आहे. तू पूर्वीही पन्नास-पंचावन्नच्या घरात असायचीस, ते मी सांभाळून घेतलं. पण आता तीन टीमच्या दोन करायचं चाललंय. जिचे आकडे खाली ती मोडणार, आणि तिचा लीडरही घरी बसणार. मी कुणाला घाबरवत नाही. काही अडचण असेल तर मोकळेपणानं लिही. पत्रानंच लिही. कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलेलं सगळं कुणीतरी वाचतं.

तुझी,
मंगलक्का


होन्नेमक्की, ता. सागर
९ जुलै २०२०

ती. मंगलक्कांना नागवेणीचा नमस्कार.

पेटी लाँचमधून आली. बॅकवॉटरच्या पलीकडून येणारी प्रत्येक वस्तू आधी लाँचवाल्याच्या हाताखालून जाते, त्यामुळे तुमची पेटी पोचण्याआधीच गावभर झालं की नागवेणीला कंपनीनं बक्षीस पाठवलंय. आत काय निघालं हे बघायला शेजारच्या चार बायका मास्क लावून अंगणात उभ्या. कप निघाला, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, "आपण एकत्र आहोत." बाबांनी विचारलं, "एकत्र आहेत तर एकच कप कसा पाठवला?" म्हैसूरपाक मात्र सगळ्यांना पुरला. पाठीमागे ठेवायची उशी वहिनीनं बाळाच्या पाळण्यात घातली.

तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. दोनदा. अक्का, खरं सांगते, कुणी आपल्याला असं हातानं लिहावं इतकी मी मोठी नाही. वहिनी म्हणाली, "बघ, केवढी जीव लावणारी बाई आहे. हिची टीम मोडू द्यायची नाही आपण."

घरात नेटवर्क नाहीच. आमच्या धरणाच्या पाण्यावर अख्ख्या राज्यात दिवे लागतात, पण आम्हाला फोनची एक कांडी मिळायची तर टेकडी चढावी लागते. दादानं वर चार बांबू रोवून ताडपत्री बांधून दिलीय. तिथे बसून काम करते. पायाला मीठ-तंबाखू चोळून जाते, तरी संध्याकाळी दोन-तीन जळवा निघतातच. सकाळी सात ते संध्याकाळी सात कधीही काम करायची सूट तुम्ही मिळवून दिलीत, म्हणून जमतंय.

मध्ये थोडी सर्दी झाली होती, म्हणून फायली कमी पडल्या. आता बरी आहे. आकडे वर जातील, शब्द देते.

सासूबाईंना नमस्कार सांगा. गाणं सापडलं की कळवते.

तुमची,
नागवेणी


म्हैसूर
१२ ऑगस्ट २०२०

प्रिय नागवेणी,

पोरी, काय केलंस हे! अठ्ठ्याऐंशी! मला वाटलं यंत्रात काही बिघाड झाला. पण दुसऱ्या दिवशी शहाऐंशी, मग परत अठ्ठ्याऐंशी. तीन आठवडे झाले, एकदाही ऐंशीच्या खाली नाही. चुका तर जवळजवळ नाहीतच. मोठ्या साहेबांनी स्वतः विचारलं, "ही नागवेणी नायक कोण?" मी ताडपत्रीचं, जळवांचं, सगळं सांगितलं. त्यांनी सोमवारच्या मीटिंगमध्ये तुझं नाव घेतलं तेव्हा तू कॅमेरा का बंद केलास? लाजलीस होय?

आपली टीम वाचली. शेजारची मोडली. हे फक्त तुझ्यामुळे, हे मी विसरणार नाही.

आता दर सोमवारी मी तुझा आकडा सगळ्यांना दाखवते. त्याशिवाय माणसं हलत नाहीत. आपला कोळ्ळेगालचा शिवलिंगय्या आठवतो ना? कोपऱ्यात बसायचा, बोटं मोडत काम करायचा तो. परवा म्हणतो, "मॅडम, अठ्ठ्याऐंशी होणं शक्यच नाही. मी बारा वर्षं हेच काम करतोय." मी म्हटलं, "अहो, ती पोरगी डोंगरावर पावसात बसून करते, आणि तुम्हाला घरात पंख्याखाली बसून होत नाही? जरा मनाला लाज वाटू द्या."

सप्टेंबरपासून सगळ्यांना पंच्याऐंशीचा नेम लागणार आहे. तुला काय, तू पोचलेलीच आहेस. इतरांना सांगायला तुझी काही युक्ती असेल तर कळव.

आणि हो, लॅपटॉप महिन्यातून एकदा-दोनदा आपोआप फोटो काढतो, त्याची काळजी करू नकोस. आपल्या टीमचे फोटो मीच बघते.

तुझी,
मंगलक्का


होन्नेमक्की
३ सप्टेंबर २०२०

ती. मंगलक्कांना नमस्कार.

पत्र मिळालं. इथे सगळे बरे आहेत. बाळाला दोन दात आलेत.

युक्ती अशी काही नाही. लिहिण्यासारखं काही नाही.

एक विनंती होती. सोमवारी माझं नाव घेऊ नका. मला कसंतरी होतं. तिथे बरेच जण माझ्यापेक्षा वयानं मोठे आहेत, अनुभवानं मोठे आहेत. शिवलिंगय्यांनी मी नवीन होते तेव्हा मला डॉक्टरांचं अक्षर कसं वाचायचं ते शिकवलं होतं. त्यांना माझ्या नावानं बोलू नका.

पंच्याऐंशीचा नेम सगळ्यांना लावला नाही तर चालणार नाही का? साहेबांशी बोलून बघाल?

तुमची,
नागवेणी


म्हैसूर
२० ऑक्टोबर २०२०

प्रिय नागवेणी,

तुझं मन मोठं आहे. इतकं करूनही "माझं नाव घेऊ नका" म्हणणारी माणसं आता राहिली नाहीत. तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. सगळं नाही, नावाचा भाग तेवढा. ते म्हणाले, "अशा विनयशील मुलीचं तर नाव घेतलंच पाहिजे." सोबत प्रशस्तिपत्र पाठवतेय. चौकट करून भिंतीला लाव, बाबांना बरं वाटेल.

नेमाचं मी बोलले नाही. आता वरून ठरलं ते ठरलं.

शिवलिंगय्याला काढलं. तुझ्या कानावर आलं असेल म्हणून लिहिते. सप्टेंबरभर त्यानं धडपड केली, पण सहासष्टच्या वर काही गेला नाही. तीन वेळा लेखी समज दिली. शेवटचा फोन मलाच करायला लावला. व्हिडिओवर आला तो भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी तोंड उघडायच्या आधी म्हणाला, "मॅडम, मला दोन दिवस नागवेणी मॅडमकडे शिकायला द्या. फोनवर. मी त्यांचा नंबर मिळवला होता, एकदा बोललो पण होतो. पण एका फोननं काय शिकणार? पद्धत कळली की होईल माझ्यानं." मी म्हटलं, आता ते सगळं मागे पडलं. तो "हो, बरोबर आहे" म्हणाला. मग लॅपटॉप कुठल्या पत्त्यावर पाठवायचा ते नीट लिहून घेतलं.

त्यानं तुला फोन केला होता हे तू बोलली नाहीस.

असो. माणसाच्या मनात जिद्द हवी, ती कुणी बाहेरून घालू शकत नाही. मी माझ्याकडून सगळ्यांना सारखाच आधार दिला.

तुझी,
मंगलक्का


होन्नेमक्की
६ नोव्हेंबर २०२०

मंगलक्का,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आज वहिनी समोर बसलीय. म्हणाली, लिहून होईपर्यंत मी उठणार नाही.

अठ्ठ्याऐंशी फायली मी कधीच केल्या नाहीत. त्यातल्या पन्नास वहिनीच्या असतात. प्रमिलावहिनी, माझ्या दादाची बायको. अडतीस माझ्या.

जूनमध्ये मला सर्दी झाली नव्हती. ताप होता, वास गेला होता, तीन आठवडे मी मागच्या खोलीत एकटी निजत होते. तेव्हा गावात कुणाला हे कळलं असतं तर आमच्या घराला लोकांनी पाणी भरू दिलं नसतं. तुम्हाला कळवलं असतं तर बिनपगारी रजा टाकावी लागली असती, आणि रजेवरच्या माणसांना परत बोलावत नव्हते, हेही मला माहीत होतं. म्हणून अंगात ताप घेऊन टेकडी चढायचे. एक दिवस अर्ध्या वाटेवर बसले ती उठताच येईना. वहिनी मला शोधत आली. तिनं लॅपटॉप माझ्या खांद्यावरून काढून घेतला आणि म्हणाली, "कसं भरायचं ते सांग." ती बी.कॉम. आहे, अक्का. पहिल्या वर्गात पास. लग्नानंतर तिला कुणी विचारलंच नाही की तुला काय येतं.

जुलैत मी बरी झाले. ती थांबणार होती. त्याच आठवड्यात तुमची पेटी आली. टीम मोडणार हे वाचलं आणि आम्ही ठरवलं, आणखी एक महिना दोघी मिळून करू. सकाळी सात ते एक मी, एक ते सात ती. बाळ कधी माझ्या आईजवळ, कधी वहिनीच्या मांडीवर.

मग महिना संपला, पण कौतुक सुरू झालं होतं. साहेबांनी माझं नाव घेतलं तेव्हा वहिनी माझ्या शेजारीच होती, कॅमेऱ्यात न येईल अशी बाजूला सरकून. मी तिच्याकडे बघतेय हे दिसायला नको म्हणून कॅमेरा बंद केला. ती हसली. म्हणाली, "मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी हुशार म्हटलं. तुझ्या नावानं म्हटलं म्हणून काय झालं?" आणि मी काय केलं? मी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या सोमवारची वाट बघायला लागले. घरातून निघताना केस नीट विंचरायला लागले.

आता फोनचं. शिवलिंगय्यांनी फोन केला तेव्हा मी ताडपत्रीखाली होते आणि वहिनी नुकतीच वर आली होती. मोठा आवाज लावलेला होता. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा वेळ घेत नाही, दोनच मिनिटं. तुम्ही करता कसं, तेवढं सांगा." त्यांनीच जिला बोट धरून शिकवलं अशा मुलीला ते मॅडम म्हणत होते. मी म्हटलं, मन एकाग्र ठेवायचं. ते म्हणाले, "थांबा हं, लिहून घेतो." मी म्हटलं, मोबाइल लांब ठेवायचा. तेही लिहिलं. मी म्हटलं, पहाटे पाचला उठायचं, डोकं ताजं असतं. तेव्हा ते म्हणाले, "मी साडेचारला उठतोय, मॅडम. अजून काय करू?"

मी म्हटलं, नेटवर्क जातंय. आणि फोन ठेवला.

वहिनीनं छत्री उचलली आणि टेकडी उतरून गेली. त्या दिवशी फायली अडतीसच झाल्या. तुम्ही त्याच संध्याकाळी मला विचारलंत, "बरं नाही का?" मी म्हटलं, वीज नव्हती. पुढच्या दिवशी मीच तिच्या पाया पडून तिला परत वर नेलं. हे सगळ्यात वाईट. खोटं सुरू केलं तेव्हा ताप होता. ह्या वेळी काय होतं?

एकटीनं माझ्या सगळ्यात जास्त फायली झाल्या त्या सत्तावन्न. त्याही एकदाच, मार्चमध्ये, ऑफिसात.

तुमचं प्रशस्तिपत्र मी पेटीत खाली ठेवलंय. बाबा रोज विचारतात, चौकट कधी करायची.

मला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. पण शिवलिंगय्यांना परत बोलवा.

नागवेणी


म्हैसूर
१८ नोव्हेंबर २०२०

नागवेणी,

पत्र पोचलं.

जे झालं त्याला आता इलाज नाही. तू हे आणखी कुणाला लिहिलं नसशील अशी आशा आहे. आपला पासवर्ड दुसऱ्याला देणं हा नियमभंग आहे. बाहेर आलं तर तुझी नोकरी जाईल आणि त्यानं शिवलिंगय्याला काही परत मिळणार नाही. त्याच्या जागी माणूस घेतलाही.

वहिनीचं काम कमी करत आण. आकडे एकदम पडू देऊ नकोस, हळूहळू खाली आण. डिसेंबरपर्यंत सत्तरवर, मग बघू. मी सांभाळून घेईन.

हे पत्र वाचून फाडून टाक.

मंगला


होन्नेमक्की
१ डिसेंबर २०२०

मंगलक्का,

पत्र फाडलं नाही.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. तुम्हाला धक्का बसलेला दिसला नाही. मी तीन पानं लिहून एवढं मोठं खोटं कबूल केलं, आणि तुम्ही "असं कसं केलंस" एवढंसुद्धा म्हटलं नाहीत. आकडे हळूहळू कसे खाली आणायचे ते मात्र लगेच सांगितलंत.

मी पत्र वहिनीला दाखवलं. वाचून ती म्हणाली, जुलैत एकदा ती काम करताना कॅमेऱ्याचा दिवा लागला होता. बाळ मांडीवर होतं. ती घाबरून चार दिवस वर आलीच नाही, मला मात्र पाय दुखतो म्हणून सांगितलं. चार दिवसांत काही झालं नाही, तेव्हा तिला वाटलं फोटो निघालाच नसेल.

तुम्ही ऑगस्टमध्ये लिहिलं होतंत, फोटोंची काळजी करू नकोस, ते मीच बघते.

अक्का, तुम्ही तो फोटो बघितला होता का?

मी पंधरा तारखेला राजीनामा पाठवतेय. कारण खरं तेच लिहिणार आहे, माझ्यापुरतं. तुमचं नाव घालणार नाही. ते स्वतः पुढे करायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

नागवेणी


म्हैसूर
२४ जानेवारी २०२१

प्रिय नागवेणी,

उत्तराला जवळजवळ दोन महिने लागले. तुझ्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर होतं, पण ते लिहिण्याआधी करायच्या गोष्टी बऱ्याच होत्या.

हो. बघितला होता.

चौदा जुलैचा फोटो. हिरवी साडी, कपाळावर घाम, एका हातानं बाळाला धरलेलं आणि दुसऱ्या हातानं टाइप करणं चाललेलं. नजर पडद्यावर. बाळ कॅमेऱ्याकडे बघत होतं. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मग पुसून टाकला. तू बारा-बारा तास कामावर दिसतेस हेही मला रोज दिसत होतं. एवढं एकट्या माणसानं होत नाही हे कळायला मी काय कालची आहे? पण टीम वाचत होती. मी वाचत होते.

याहून वाईट आहे. पंच्याऐंशीचा आकडा वरून आलेला नाही. तो मी सुचवला. साहेब ऐंशी म्हणत होते. मी म्हटलं, "माझ्या टीममध्ये एक मुलगी डोंगरावर बसून अठ्ठ्याऐंशी करते. पंच्याऐंशी ठेवा." खोटं आहे हे माहीत असताना म्हटलं. आणि शिवलिंगय्याला लाज वाटू द्या म्हणाले ती मीच.

तुझा राजीनामा आला तेव्हा साहेबांनी मला बोलावून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, मला कल्पना नव्हती. म्हणजे तोवरही मी खोटंच बोलत होते. तू आपलं नाव लिहून मोकळी झालीस आणि मी तुझ्या पाठीमागे लपले. घरी येऊन जेवायला बसले आणि ताट तसंच बाजूला सारलं. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, तुझा सिनेमा संपला वाटतं?" हो म्हटलं.

अठ्ठावीस डिसेंबरला मी सगळं लिहून दिलं. चार जानेवारीच्या मीटिंगमध्ये टीमला सांगितलं. आधी एकानं कॅमेरा बंद केला, मग दुसऱ्यानं, मग पडद्यावर मी एकटीच राहिले. मला काढलं नाही. लीडरपद गेलं. आता मी फायली भरते. काल एकोणपन्नास झाल्या. पाठ मोडून येते गं. ज्या कामाचा नेम मी ठरवत होते ते मी सात वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

नेम सत्तरवर आणलाय. "कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी कंपनीची नववर्षाची भेट" म्हणून फुलांच्या चित्रासकट सगळ्यांना कळवलं. शिवलिंगय्याला परत घ्या म्हटलं तर साहेब म्हणाले, जुन्या गोष्टी उकरायच्या नाहीत.

मग सतरा तारखेला, रविवारी, मी बसनं कोळ्ळेगालला गेले. न कळवता. कळवलं असतं तर तो "या" म्हणाला असता आणि बायकोनं काहीतरी गोड केलं असतं. ते मला खाववलं नसतं.

भावाच्या पिठाच्या गिरणीमागे दोन खोल्या आहेत. तो आता गिरणीवर बसतो. मला बघून गडबडून उठला, भुवयांवरचं पीठ पुसलं, खुर्ची आणली. म्हणाला, "मॅडम, लॅपटॉप पोचला नाही का?" एवढ्या लांबून मी लॅपटॉपसाठी आले असं वाटलं त्याला.

मी उभ्यानंच सांगितलं. अठ्ठ्याऐंशी फायली दोन बायका मिळून करत होत्या. मला माहीत होतं. तरी मी तुमच्या तोंडावर ते नाव मारत राहिले.

मला वाटलं आता हाकलेल. हाकलायलाच हवं होतं. मग त्यानं विचारलं, "एकटी किती करायची ती?"

"सत्तावन्न. तेही एकदाच."

"मी एकसष्टच्या खाली कधी गेलो नाही," तो म्हणाला. "एकही दिवस नाही."

"हो."

"सप्टेंबरात सहासष्ट केल्या."

"हो. मला माहीत आहे."

"माहीत होतं?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण त्यानं फक्त आत हाक मारली. "महादेवी, अगं बाहेर ये. मॅडम काय म्हणतात ऐक."

बायको ओल्या हातांनी बाहेर आली. तो म्हणाला, "सांगा, मॅडम. परत सांगा."

मी परत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यांनी डोळे तपासून घेतले, माहीत आहे? नवा चष्मा केला. बोटांना गरम तेल लावून बसायचे. मला म्हणायचे, माझ्यातच काहीतरी कमी झालंय, वय झालं बहुतेक. चव्वेचाळीसचं वय आहे का हो?" तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला, पण घ्या म्हणाली नाही.

मग त्यानं मुलीला बोलावलं. आठवीत आहे, सिंचना नाव. तिलाही सांगायला लावलं. मुलगी म्हणाली, "अप्पा, म्हणजे तुम्ही नापास नव्हता?" तो म्हणाला, "मॅडमना विचार." तिनं माझ्याकडे वळून विचारलं. मी म्हटलं, "नाही बाळा. तुझे अप्पा टीममध्ये पहिले होते. एकट्यानं काम करणाऱ्यांत पहिले." हे वाक्य मी आयुष्यात त्याच्यासमोर कधीच बोलले नव्हते, नागवेणी. सहा वर्षं तो माझ्या हाताखाली होता.

मी निघाले तर म्हणाला, "अजून एक जागा आहे." मला गिरणीत नेलं. तिथे त्याचा थोरला भाऊ आणि दळणाला आलेली पाच-सहा माणसं. भावानं म्हणे सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "शहराची नोकरी याला झेपली नाही." शिवलिंगय्यानं पट्टा उतरवून गिरणी बंद केली. एकदम शांत झालं. मला म्हणाला, "मोठ्यानं, मॅडम. दादाला कमी ऐकू येतं."

मी मास्क खाली केला आणि मोठ्यानं सांगितलं. सुरुवातीपासून. माझ्या नावासकट.

सांगून झाल्यावर त्यानं पट्टा परत चढवला. मी कधी निघाले ते त्यानं बघितलं नाही.

त्यानं मला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तसं काही तो म्हणाला नाही, आणि मी विचारलंही नाही. तुझ्याबद्दल मात्र एकच बोलला, वाटेत, गिरणीकडे जाताना: "फोनवर तिचा आवाज चोरट्यासारखा वाटला होता. मला वाटलं, मी त्रास देतोय म्हणून."

तुझा पत्ता त्यानं मागितला नाही. त्याचा मी खाली देते. पुढचं तू बघ. माझ्यासारखे दोन महिने लावू नकोस.

प्रमिलावहिनीला माझा नमस्कार सांग. कामाचं सांगायला मला आता तोंड नाही, पण त्या पन्नास फायलींत एकही चूक नव्हती, हे तिला कुणीतरी तिच्या नावानं सांगायला हवं. म्हणून सांगते.

मंगला

श्री. शिवलिंगय्या,
पिठाच्या गिरणीमागे, बसवनगुडी बीदी,
कोळ्ळेगाल, जि. चामराजनगर